वजन न वाढण्याचे कारण

भांडण मी जिंकलो आणि बक्षीस म्हणून मला सरडा मिळाला. हरलेला माणूस घरी जाऊन निवांत जेवतो. जिंकलेल्याला काहीतरी उचलून न्यावं लागतं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू होता. त्याने जागा सोडली. गादी नेली, टीव्ही नेला, दाराचा पडदा काढून नेला, आणि काचेची एक पेटी जिन्यात ठेवून गेला. पेटीत जिवंत प्राणी होता. ज्या माणसाला पडदा आठवतो आणि जीव आठवत नाही, त्याला मी काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही. जिन्यात मी ते मोठ्याने म्हटलं आणि अकरा जणांनी ऐकलं.

प्राणी म्हणजे एक दाढीवाला सरडा. खरंच दाढीवाला. गळ्याखाली काट्यांची झालर, अंगभर काटे, लांबी शेपटीसकट हातभर. पण अंगावर मांस असं नव्हतंच. पाठीची हाडं मोजून घ्या. जुनी कात बोटांना दोऱ्यासारखी आवळलेली. पेटीत एक कुजलेलं पान आणि बाटलीचं एक कोरडं झाकण. रंग ओल्या सिमेंटसारखा. डोळे मिटलेले.

सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून उभे होते. वास काही येत नव्हता, पण रुमाल लावल्याशिवाय त्यांना निर्णय घेता येत नाही.

“सकाळी कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकू,” ते म्हणाले.

“साहेब, तो श्वास घेतोय.”

“घेऊ दे की. गाडी यायला अजून वेळ आहे.”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला तुम्ही तीन सभा घेता आणि एक जीव फेकायला तुम्हाला एक रुमाल पुरतो. आणखीही बरंच म्हटलं. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाले, “एवढा कळवळा आहे तर तुम्हीच घ्या की.”

अकरा जणांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक दार लागल्याचे आवाज आले, आणि जिन्यात मी आणि पेटी एवढेच उरलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि बाबा. मी पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात देखभाल विभागात आहे. यंत्र बंद पडलं की मी जातो, का बंद पडलं ते शोधतो आणि नोंदवहीत लिहितो. वहीत ‘कारण’ नावाचा रकाना आहे. एकोणीस वर्षांत त्या रकान्यात मी सगळ्यात जास्त वेळा दोनच शब्द लिहिलेत: ‘ऑपरेटरची चूक’. ऑपरेटर माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत. यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.

बायको शिवणकामाच्या शाळेत शिकवते. तिने पेटीत डोकावून पाहिलं.

“हे खातं काय?”

मी माहिती काढून ठेवली होती. “पालेभाजी खातो. आणि झुरळं, रातकिडे, अळ्या. जिवंत लागतात. दुकानात डब्यात मिळतात.”

ती पेटीपासून एक पाऊल मागे सरली. मग म्हणाली, “अहो, बावीस वर्षं मी या घरात झुरळं मारतेय. आणि तुम्ही आता विकत आणणार?”

मी दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

बाबा वीज कंपनीतून निवृत्त झालेत. छत्तीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन मीटर वाचले. त्यांच्या आयुष्याला एकच तत्त्व आहे, आणि ते आमच्या घरात प्रत्येक बटणाच्या वर त्यांच्याच अक्षरात लिहून चिकटवलेलं आहे: ‘माणूस बाहेर, दिवा बंद.’ प्रश्न बिलाचा नाही. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा पाहिला की बाबांना कोणीतरी कोणाचा तरी अपमान करतंय असं वाटतं. लहानपणी मी एकदा दिवा चालू ठेवून शाळेत गेलो, तर बाबांनी मला शाळेच्या फाटकातून परत आणलं, बटण बंद करायला लावलं आणि पुन्हा फाटकात नेऊन सोडलं. वर्गात सगळ्यांना कळलं. पण खरं सांगायचं तर मला या शिस्तीचा अभिमान आहे. कारखान्यात जेवणाच्या खोलीत पंखे गरगरत सोडून जाणारे लोक मी पाहतो, तेव्हा मला त्यांच्या आईबापांची कीव येते.

बाबांनी सरड्याला एकदा नीट पाहिलं. त्यांनी चष्मा लावला होता, त्यानेही जणू लावला होता. दोघांची मान एकसारखी लोंबत होती.

“भाऊसाहेब दिसतात कोणीतरी,” बाबा म्हणाले. नाव ठरलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली आणि भाऊसाहेबांना बुटांच्या खोक्यात घालून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. असले प्राणी बघणाऱ्या त्या एकट्याच. जिना उतरताना पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर म्हणाले, “काय, सरड्याची धाव कुंपणापर्यंत!” आणि स्वतःच हसले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “सरड्याची धाव...” मी म्हटलं, “कुंपणापर्यंत, माहीत आहे.” बसस्टॉपवर पानवाला म्हणाला. कारखान्यात गेटवर दोघं म्हणाले. पुढच्या आठवड्यात एकूण सतरा माणसांनी मला ही म्हण ऐकवली आणि सतराही जणांना ती त्या क्षणी सुचलेली होती. या समाजाचं काही होणार नाही.

डॉक्टरबाईंनी भाऊसाहेबांना उलटंसुलटं करून पाहिलं.

“ही मादी आहे.”

“दाढी आहे हो तिला.”

“दाढी दोघांनाही असते. हा जबडा दाबून बघा. रबरासारखा लागतोय ना? हाडं मऊ झालीत. कित्येक महिने हिला ऊन मिळालेलं नाही.” त्यांनी समजावलं: एक दिवा उबेचा, एक दिवा उन्हासारख्या किरणांचा. दोन्ही रोज बारा तास. मध्ये काच नको, काचेतून ते किरण येतच नाहीत. खाण्यावर कॅल्शियमची पूड. “दिवा नसेल तर बाकी सगळं फुकट. ऊब नसेल तर खाल्लेलं पोटातच सडेल. एक टायमर लावून टाका, आपोआप चालू, आपोआप बंद.”

मला जरा लागलं ते. “टायमर कशाला? आमच्या घरात माणसं आहेत.”

“बघा बुवा,” बाई म्हणाल्या. “आणि हिची नोंदणी करा, कायदा आहे. पण काही झालं तरी हिला सरकारी केंद्रात जाऊ देऊ नका. तिथे एक पत्र्याची शेड आहे आणि चाळीस ससे. आता पुन्हा घर बदललं तर ही जगायची नाही.”

बायकोला मी ‘मादी आहे’ असं सांगितल्यावर ती पेटीजवळ गेली आणि म्हणाली, “तरीच. गप्प बसून सगळं सोसत होती.” भाऊसाहेब हे नाव मात्र कायम राहिलं. ‘भाऊसाहेब आज जेवली का’ हे वाक्य आमच्या घरात कोणालाही खटकत नाही.

पेटी रस्त्याकडच्या छोट्या खोलीत ठेवली. तिथे माझं टेबल आणि बुटांचं कपाट. दोन दिवे लावले, वायर दाराशेजारच्या बोर्डात घातली. एकाच बटणावर दोन्ही. बटण दाबलं आणि भाऊसाहेबांनी एक डोळा उघडला. अर्ध्या तासात सिमेंटचा रंग जाऊन पिवळसर वाळूचा रंग आला. मी तिचा फोटो काढला. माझे डोळे भरून आले होते असं बायको म्हणते. दिव्याचा उजेड फार होता.

नोंदणी कार्यालयात खिडकी नंबर चारवर एक बाई बसतात. त्यांनी मला फॉर्म दिला. प्रकार: कुत्रा, मांजर, पक्षी, मासा, इतर. मी ‘इतर’वर खूण केली, तर इतरसाठी वेगळं पान होतं. शिंगे आहेत काय? नाही. दूध देते काय? नाही. गाडी ओढण्याच्या कामी येते काय? मी तिथे लिहिलं, ‘आजारपणामुळे सध्या नाही.’ बाईंनी ते शांतपणे वाचलं आणि पुढे गेल्या. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही बाई साधी नाही.

“रंग राखाडी लिहिलाय,” त्या म्हणाल्या. “फोटोत पिवळा आहे.” मग त्यांनी खोक्यात पाहिलं. भाऊसाहेबांना प्रवास आवडला नव्हता. दाढी फुगून काळी कुळकुळीत झाली होती. “आणि हा काळा. एकूण प्राणी किती आहेत?”

“एकच आहे हो! सरडा आहे तो! रंग बदलतो! जगाला माहीत आहे!”

“ओरडू नका. जगाला माहीत असेल, फॉर्मला माहीत नाही.” त्यांनी ‘रंग’समोर स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘बदलता.’ मग काट्यावर वजन केलं. एकशे ऐंशी ग्रॅम. “टाकून दिलेला प्राणी आहे, त्यामुळे तीस दिवसांचा तात्पुरता ताबा. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. दर दहा दिवसांनी वही दाखवायची. तिसाव्या दिवशी वजन दहा टक्के वाढलेलं पाहिजे. एकशे अठ्ठ्याण्णव. नसलं तर प्राणी केंद्रात जमा.”

पत्र्याची शेड आणि चाळीस ससे माझ्या डोळ्यांसमोर आले.

मी कामाला लागलो. सकाळी सातला दिवा लावायचा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करायचं, पालेभाजी बारीक चिरून द्यायची, रातकिड्यांना पिशवीत घालून पूड लावायची आणि चिमट्याने एकेक भरवायचा. तिसऱ्या दिवशी पिशवी फाटली आणि पूड लावलेले पांढरे फटक तीस रातकिडे घरभर झाले. काही आम्ही पकडले. एक बाबांच्या रेडिओत शिरला आणि बातम्या संपल्या तरी बोलत राहिला. दोन खिडकीतून खाली सेक्रेटरींच्या घरी गेले असावेत, कारण त्यांनी नोटीस लावली: ‘काही सदस्यांकडून इमारतीत आवाज सोडले जात आहेत.’

एवढं करून भाऊसाहेबांचं वजन वाढेना. दोन ग्रॅम वर जायचं, तीन खाली यायचं. दहाव्या दिवशी एकशे ब्याऐंशी. बाईंनी वहीवर शिक्का मारला.

वास्तविक यंत्र बंद पडलं की काय करायचं हे माझ्याइतकं कोणाला कळतं? मी एकेक भाग तपासायला घेतला. पहिला संशय किड्यांवर. दुकानदाराला जाऊन सांगितलं, तुझे किडे निकृष्ट आहेत. तो म्हणाला, “साहेब, आणखी सहा गिऱ्हाइकं हेच किडे नेतात, त्यांचे सरडे लठ्ठ झालेत.” मग दिव्यावर. दिवा बदलून आणला. वाढ नाही. तो परत नेऊन आपटला, तिसरा आणला. दुकानदाराने माझ्यासमोर तिन्ही दिवे एका यंत्रावर लावून दाखवले. तिन्ही उत्तम. “दिव्यात दोष नाही साहेब,” तो म्हणाला. “मग माझ्यात आहे का?” मी विचारलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, सगळी मत्स्यपेटीकडे बघायला लागली.

मग शेजाऱ्यांचे सल्ले. मास्तर म्हणाले, प्राण्याशी संवाद साधा, तो एकाकी आहे. म्हणून मी रोज कामावर निघताना तिला ‘येतो हं, भाऊसाहेब’ म्हणायला लागलो. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, नजर लागली असेल. ज्या प्राण्याकडे महिनोन्‌महिने कोणी बघितलंसुद्धा नाही, त्याला नजर कोणाची लागणार?

शेवटी मला खरं कारण सापडलं. विजेचा दाब. दुपारी दाब उतरत असणार आणि दिवा अर्धपोटी जळत असणार. मी वीज कंपनीला चार पानी तक्रार लिहिली. तिच्यात ‘बेजबाबदार’ हा शब्द सहा वेळा आणि ‘लाज’ हा शब्द दोनदा आला. दोन माणसं शिडी घेऊन आली, तासभर मोजमाप केलं आणि सही करून गेली: दाब योग्य. जाताना त्यातला एक बाबांच्या पाया पडला. बाबांनीच त्याला कामाला लावलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी मोडलेला घास ताटात तसाच ठेवला. मग म्हणाले, “माझ्या खात्याबद्दल लिहिलंस?”

“बाबा, वजन वाढत नाहीये तिचं.”

“छत्तीस वर्षांत माझ्या भागात दाब कमी पडला नाही,” ते म्हणाले आणि ताट घेऊन उठले. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना दिवा बंद केला. बायको आत भांडी आवरत होती, ती अंधारातून म्हणाली, “बाबा, मी आहे.” दिवा पुन्हा लागला. एरवी बाबांकडून ही चूक होत नाही. त्यावरून मला कळलं की त्यांना किती लागलंय.

विसाव्या दिवशी वजन एकशे त्र्याऐंशी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून खिडकी नंबर चारवर गेलो, भांडायच्या पूर्ण तयारीने. नियम कसा मूर्ख आहे, दहा टक्के कोणी ठरवले, ठरवणाऱ्याचं स्वतःचं वजन किती, असे मुद्दे मी बसमध्येच पाठ केले होते.

बाईंनी वही उघडली. त्या पहिल्यापासून पानं उलटत आल्या. मग पुन्हा पहिल्यापासून. माझे मुद्दे तोंडात तयार होते.

“सोमवारी वजन वाढतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तिन्ही सोमवारी सकाळी दोन-तीन ग्रॅम जास्त आहे. मग शनिवारपर्यंत उतरतं. रविवारी तुम्ही वेगळं काय करता?”

“काही नाही. रविवारी मी घरी असतो. दिवसभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतो.”

“आणि बाकीच्या दिवशी त्या खोलीत कोण असतं?”

“कोणी नाही. बायको माझ्याआधी जाते, मी नऊला निघतो. घरी फक्त...”

माझं वाक्य तिथेच अडलं. घरी फक्त बाबा. खोली रिकामी. आणि बटणाच्या वर पाटी: माणूस बाहेर, दिवा बंद.

बाईंनी शिक्का मारला आणि हळूच म्हणाल्या, “जा घरी.”

बसमध्ये माझ्या अंगाची लाही लाही होत होती. एक जीव मरायला टेकलाय आणि या माणसाला तत्त्व पडलंय! मी संध्याकाळी सहाला येतो तेव्हा दिवा चालू असतो. म्हणजे दिवसभर बंद ठेवायचा आणि मी यायच्या वेळेला लावायचा! वर माझ्यावरच रुसवा! चोराच्या उलट्या बोंबा!

साडेअकराला मी दार उघडलं. बाबा बैठकीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. मी बूट न काढता छोट्या खोलीत गेलो. अंधार. भाऊसाहेब सिमेंटच्या रंगाच्या, कोपऱ्यात, डोळे मिटून. मी खटकन बटण दाबलं. उजेड झाला.

“बाबा! इकडे या!”

बाबा दारात आले.

“हा दिवा कोणी बंद केला?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! वीस दिवस मी जगाशी भांडतोय! दुकानदाराला चोर ठरवलं, तुमच्या खात्याला नावं ठेवली, आणि इथे माझ्या घरात, माझा बाप, एका पाटीसाठी...”

“मी कशाला बंद करू?” बाबा म्हणाले. “तूच करतोस की.”

“मी?”

“रोज. नऊ वाजून पाच मिनिटांनी. बूट घालतोस, तिला ‘येतो हं, भाऊसाहेब’ म्हणतोस, आणि मागे न बघता बटण बंद करून जातोस. मी समोरच बसलेला असतो.”

“काहीतरीच काय! मला काय वेड लागलंय का? डॉक्टरांनी बारा तास सांगितलेत, मी स्वतः लिहून घेतलंय!”

“म्हणून तर मला वाटलं, दुपारी तिला झोप सांगितली असेल. सहाला जिन्यात तुझी पावलं वाजली की मी लावतो. खोलीत माणूस येणार म्हणून.”

आता याला काय म्हणावं? वयापुढे इलाज नसतो, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं, “बाबा, स्वतःची चूक मान्य करायला मोठं मन लागतं. मला आता यावर एक शब्द बोलायचा नाही!” आणि ताडताड पावलं टाकत त्यांच्या शेजारून खोलीबाहेर पडलो.

खट्ट.

मागे अंधार झाला.

मी वळलो. बाबा होते तिथेच उभे होते, दोन्ही हातांत वर्तमानपत्र. माझा उजवा हात बोर्डावर होता. बोट अजून बटणावर.

आम्ही दोघांनी त्या हाताकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मी स्वतःचा कुठलाही अवयव इतका वेळ पाहिलेला नाही.

बाबांना ‘काखेत कळसा’ म्हणता आलं असतं. सतरा जणांनी मला सरड्याची म्हण ऐकवली होती, बाबांनाही एक ऐकवायचा हक्क होता. पण ते म्हणाले, “मला बरं वाटायचं. म्हटलं, एवढ्या वर्षांत पोरगा एक तरी गोष्ट विसरला नाही.”

मी शाळेच्या फाटकात उभा असल्यासारखा उभा होतो.

“मग तुम्ही मागून लावायचा ना, बाबा.”

“रिकाम्या खोलीत?” बाबांनी असं विचारलं, जणू मी त्यांना कोणाच्या तरी खिशात हात घालायला सांगितलं होतं.

मी खालच्या मानेने सांगितलं, टायमर आणतो. बाबांनी हात झटकला. “टायमर कशाला? घरात माणसं आहेत.” मग त्यांनी वर्तमानपत्र काखेत मारलं, आरामखुर्ची फरफटत छोट्या खोलीत आणली, पेटीसमोर ठेवली आणि बसले. “आता खोलीत माणूस आहे,” ते म्हणाले. “लाव दिवा.”

मी लावला.

त्या दिवसापासून बाबांची ड्यूटी सुरू झाली. सकाळी सात ते संध्याकाळी सात. उठायची वेळ आलीच तर बायकोला किंवा मला खोलीत उभं करून जायचे. घरात कोणी नसेल तर पहिल्या मजल्यावरच्या मास्तरांना बोलवायचे, आणि मास्तर पाच मिनिटं भाऊसाहेबांशी संवाद साधायचे. रविवारी मी म्हटलं, “बाबा, बैठकीत चहाला या.” ते म्हणाले, “इकडेच दे. मी उठलो तर दिवा बंद करावा लागेल.” ते वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. राजकारणाच्या पानाला भाऊसाहेब दाढी काळी करायची. बाबा म्हणाले, तिला कळतं.

मी दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली. मला त्याची सवय नाही, त्यामुळे ती भांडणासारखीच ऐकू आली, आणि त्याने घाबरून चौथा दिवा पुढे केला. वीज कंपनीला पत्र लिहिलं, एकाच ओळीचं. ते बाबांनी दोनदा वाचलं आणि स्वतः टपालपेटीत टाकून आले. तेवढा वेळ मी खोलीत बसलो.

वजन चढू लागलं. पण दहाच दिवस हातात होते. सत्याऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. बायको चाचणी परीक्षा असल्यासारखी रोज सकाळी काट्याजवळ उभी राहायची. एकदा मी तिला स्वतःच्या हाताने झुरळ भरवताना पकडलं. ती म्हणाली, “कोणाला सांगू नका.” तिसाव्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर एकशे नव्व्याण्णव. एका ग्रॅमने सुटका. बाबांनी तिला खोक्यात ठेवताना सांगितलं, “वाटेत काही करू नकोस हं.”

तिने वाटेत काही केलं नाही. बाईंनी काट्यावर ठेवलं, काटा एकशे नव्व्याण्णववर थांबला. बाईंनी पेन उघडून शाईने आकडा लिहिला. त्यानंतर भाऊसाहेबांनी शेपटी उचलली आणि खिडकी नंबर चारच्या काट्यावर, दहा दिवसांच्या कमाईतून, जे करायचं होतं ते केलं. बाईंनी तिला उचललं, काटा पुसला, पुन्हा ठेवलं. एकशे पंच्याण्णव.

एकदाही भांडायचं सुचलं नाही. मी नुसता त्यांच्याकडे बघत राहिलो.

बाईंनी फॉर्मकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“शाईने लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “खोडायला वरिष्ठांची सही लागते. ते रजेवर आहेत.” आणि पान उलटलं. “मागच्या बाजूचे तीन रकाने तुम्ही भरा.”

पहिला रकाना: ‘सुरुवातीस वजन न वाढण्याचे कारण’. मी पेन घेतलं. एकोणीस वर्षं जे शब्द मी दुसऱ्यांच्या नावापुढे लिहिले, ते लिहिले: ऑपरेटरची चूक. खाली माझी सही.

दुसरा रकाना: ‘केलेली उपाययोजना’. मी खूप विचार केला. मग लिहिलं: वडील.

बाईंनी वाचलं. “वडील म्हणजे?”

“बसवलेत. खोलीत. दिव्यासाठी.”

त्यांनी मान हलवली, जणू रोज कोणी ना कोणी हेच लिहून देतं. मग पेनने तिसऱ्या रकान्यावर टकटक केलं. “इथे खूण करा. उपाययोजना तात्पुरती की कायमची?”

बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. घरी ते त्या खुर्चीत बसलेले असणार, रिकाम्या पेटीसमोर, दिवा बंद ठेवून, आमची वाट बघत.

मी ‘कायमची’वर खूण केली. शाईने केली. खोडता येत नाही, असं बाईच म्हणाल्या होत्या.